बाळंतिणीची भिंत

भिंत ही मानवी संस्कृतीची पहिली खूण आहे. ज्या दिवशी माणसानं पहिली भिंत उभी केली, त्या दिवशी त्याचं रान सुटलं आणि इतिहास सुरू झाला.

हे वाक्य माझं आहे. आमच्या मोठ्या साहेबांच्या भाषणासाठी मी ते लिहिलं. लिहिताना माझ्या पाठीमागं भिंत नव्हती, लोखंडी कपाट होतं. डावीकडं दुसरं कपाट, उजवीकडं कुठल्याशा निवृत्त अधिकाऱ्याचा बंद पडलेला कूलर. ही माझी खोली. राज्य नवीन, राजधानी त्याहून नवीन आणि खात्यांना बसायला जागा नाही, म्हणून त्या दिवसांत रायपुरातली प्रत्येक इमारत दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीचं काम करत होती. आमचं घरबांधणीचं कार्यालय एका जुन्या वसतिगृहात होतं. मुलांच्या जेवणघरात आस्थापना शाखा बसे आणि हात धुवायच्या मोरीत फायली ठेवलेल्या असत. नवा अधिकारी आला की कपाटं सरकवून त्याची खोली करायची, बदली झाली की परत सरकवायची. अख्खं खातं असा संसार करत होतं आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. तेच तळ्याकाठच्या वस्तीत कुणी केलं की आम्ही त्याला अतिक्रमण म्हणत असू.

माझं पद मानचित्रकाराचं, म्हणजे नकाशे काढणाऱ्याचं. पण मी पुस्तकं वाचतो ही बातमी कार्यालयात फुटली होती, आणि जो वाचतो त्याच्याकडं भाषणं येतात. राज्याच्या वाढदिवसाच्या प्रदर्शनात आमचं खातं गरिबांसाठी एक नमुना घर उभारणार होतं. नाव 'लवचिक घर'. एकच खोली, पण मधली भिंत रुळावर सरकणारी. त्याचा नकाशाही मीच काढला होता आणि मला तो फार आवडला होता. हे आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर मी पहिल्यापासून शहाणा होतो असा कुणाचा तरी समज व्हायचा.

आम्ही तेव्हा चौबे कॉलनीत भाड्यानं राहत होतो. आमच्याकडं पोळ्या करायला एक बाई येत. मूळ गोंदियाकडच्या, लग्न करून रायपुरात आलेल्या. बोलणं आपल्या वऱ्हाडी-नागपुरी वळणाचं, मधूनमधून हिंदी, आणि होकार द्यायचा तो मात्र छत्तीसगढी 'हव' म्हणून. एका मंगळवारी त्यांनी परातीत कणीक घेतली आणि तशाच बसून राहिल्या.

"काय झालं?" माझ्या बायकोनं विचारलं.

"पोरीचा सातवा लागला, ताई."

"मग आनंदाची गोष्ट आहे की!"

"आनंदाची हाय. पण विहीणबाई पाठवून नाई राहिल्या."

त्यांची एकुलती एक मुलगी दुर्गला दिलेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. तो मोडायला विहीणबाईही तयार नव्हत्या, पण त्यांनी एक अट घातली होती. लग्नाच्या वेळी त्यांनी बाईंचं घर पाहिलं होतं. एकच खोली, तिच्यात बाई, त्यांचा नवरा आणि खोकणारे म्हातारे सासरे. विहीणबाईंचा निरोप असा की सुनेला पाठवू, पण तिला आडोसा दाखवा. वेगळी खोली, तिला दार, दाराला आतून कडी. येत्या रविवारनंतरच्या रविवारी त्या स्वतः येऊन पाहणार होत्या. खोली असली तर सून राहील, नसली तर त्याच गाडीनं परत.

"तिच्या लग्नात मी रडली नाई," बाई म्हणाल्या. "म्हटलं, पयल्या खेपेले येनच माह्याकडं. आता काय सांगू तिले? तुह्या मायजवळ भिंत नाई म्हणून येऊ नको?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. बायका असं पाहतात तेव्हा निर्णय झालेला असतो. "आमच्या ह्यांचं कामच ते," ती म्हणाली. "रविवारी पाठवते."

रविवारी सकाळी अकराला मी टेप, पाटी आणि दोन प्रकारच्या पेन्सिली घेऊन तळ्याकाठच्या त्या पाऱ्यात गेलो. पारा म्हणजे मोहल्ला. तिथं तसंच म्हणतात. घर चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद, वर कवेलू, म्हणजे कौलं. मागच्या भिंतीत तळ्याकडं उघडणारी छोटी खिडकी. पुढच्या भिंतीत एक फळी, ती खाली पाडली की दुकान व्हायचं: बिस्किटं, काडेपेट्या, शाम्पूच्या पुड्या. दुकानदार सासरे. संध्याकाळी फळी उचलून लावली की तीच त्यांच्या खाटेची पाठ होई. मी हे पाहिलं, पण टिपून घेतलं नाही, कारण नकाशात अशा गोष्टीला चिन्ह नसतं.

बाकी खोली मला चकित करण्याइतकी मोकळी दिसली. गाद्या गुंडाळून पेटीवर, खाट बाहेर उभी, पाण्याचा ड्रम दारात, देव फळीवर. मी मनातल्या मनात खूश झालो. एवढी जागा! यात एक विटांची भिंत सहज बसेल.

तीन संध्याकाळी बसून मी नकाशा काढला. मागं सहा फुटांची बाळंतिणीची खोली, अडीच फुटांचं दार, पुढं आठ फुटांत उरलेलं कुटुंब. उत्तर दिशेचा बाण काढला. ट्रेसिंग पेपरवरून निळी प्रत काढून घेतली आणि बुधवारी आमच्याच स्वयंपाकघरात ती बाईंसमोर पसरली. त्यांनी पदराला हात पुसले आणि बराच वेळ पाहिलं.

"छान हाय," त्या म्हणाल्या. "यात मामंजी कुठं झोपते?"

मी पुढच्या खोलीत बोट ठेवलं.

"अन् आमी दोघं?"

मी बोट थोडं सरकवलं.

"अन् ड्रम? रातच्याले आत घ्या लागते ना तो. अन् पेटी? अन् बाहेरची खाट?"

मी प्रत्येक वेळी बोट सरकवत गेलो आणि शेवटी ते कागदाबाहेर पडलं.

"तुमी दिवसाचं घर मोजलं, भाऊ," बाई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "रातचं कोण मोजन?"

त्यांच्या अजून दोन शंका होत्या. एक, विटांची भिंत लिंपली की महिनाभर ओली राहते, आणि ओल्या भिंतीजवळ बाळंतीण कुणी ठेवतं का? दुसरी, बाळ तीन महिन्यांचं झालं की पोरगी सासरी जाईल. मग ही भिंत काय करणार? घरात कायमची पाहुणी बसल्यासारखी बसणार. वस्तीच्या जमिनीला पट्टा, म्हणजे हक्काचा सरकारी कागद नव्हता, पक्की भिंत दिसली की विचारायला येणारेही होते. पण ती गोष्ट त्यांनी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी महत्त्वाची असल्यासारखी सांगितली.

माझ्या डोक्यात नमुना घराचा रूळ फिरत होता. "भिंत सरकणारी करता येईल," मी म्हणालो.

"हव," बाई म्हणाल्या. "आमचे मिस्त्री तेच म्हणून राहिले."

मिस्त्री म्हणजे त्यांचे यजमान. सेंट्रिंगचं काम करायचे. म्हणजे असं, की कुठलाही स्लॅब किंवा खांब ओतायच्या आधी त्याचा साचा लागतो. प्लायचे तक्ते, बल्ल्या म्हणजे लाकडी वासे, पाचरी आणि बोल्ट लावून तो उभा करतात आणि सिमेंट आवळलं की सोडवून घेतात. नव्या राजधानीच्या निम्म्या इमारतींचे साचे या माणसाच्या हातून गेले होते. भिंत उभी करतानाच ती कशी काढायची हे त्याला माहीत असे. मला नोकरीच्या अकरा वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी खाडा केला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कारण 'घरगुती' असं लिहिलं. घर कुणाचं ते कुणी विचारलं नाही.

मी पोचलो तेव्हा ठेकेदारानं टाकून दिलेले जुने प्लायचे तक्ते दारात रचले होते. त्यांच्यावर सिमेंटचे पापुद्रे होते. मिस्त्री ते खरवडत होते. आत बाईंनी जमीन सारवून रांगोळीचा डबा उघडला होता आणि रांगोळीनं भिंतीची रेघ मारत होत्या. नीट, चिमटीतून, एका दमात, टेप न लावता.

"मामंजी, झोपा," त्या म्हणाल्या.

सासरे दुकान सोडून आले आणि आपल्या रात्रीच्या जागी आडवे झाले. मिस्त्री आडवे झाले. त्यांच्या शेजारी बाईंनी स्वतःच्या जागेवर पेटी ठेवली, कारण त्यांना उभं राहून पाहायचं होतं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"भाऊ, तुमची उंची माह्या पोरीएवढी हाय."

मी शासकीय कर्मचारी. मी रेघेपलीकडं बाळंतिणीच्या जागेवर उताणा झोपलो. बाईंनी माझ्या शेजारी एक उशी ठेवली, ते बाळ. एव्हाना दारात बायकांची गर्दी झाली होती. त्यांतली एक ओरडली, "ए दीदी, तोर जच्चा के तो मूँछ हे!" म्हणजे तुझ्या बाळंतिणीला तर मिशा आहेत.

अख्खा पारा हसला. मीही हसलो, पण उशीला धक्का न लावता.

"हसू नका," सासरे आडव्या आडव्या म्हणाले. "सरकारी बाळंतीण हाय. पयले अर्ज द्या, मंग हसा."

आणि खरं सांगतो, त्या जमिनीवर पडल्या पडल्या मला जे कळलं ते कुठल्या टेबलावर कळलं नव्हतं. माझे पाय रेघेला लागत होते. पाळणा टांगायला वर आढं होतं, पण बरोबर माझ्या डोक्यावर. खिडकीतून तळ्यावरचा वारा येत होता, तो बाळाच्या उशीवरून थेट जात होता. मी ओरडून सांगू लागलो: पाय लागतात! रेघ अर्धा फूट पुढं! बाई हातानं रांगोळी पुसून नवी रेघ मारत. लगेच पलीकडून मिस्त्री ओरडत, "माह्या नाकावर आली भिंत!" मग रेघ परत मागं. मी इतका उत्साहात आलो होतो की उठून त्यांच्या जागी झोपून पाहिलं, मग सासऱ्यांच्या जागी. तिथून दुकानाची फळी डोक्याशी कशी येते तेही कळलं. दारातल्या बायका आता हसायच्या थांबल्या होत्या आणि सल्ले देत होत्या. एक म्हणाली ड्रम कोपऱ्यात, दुसरी म्हणाली अगं बाळाचं पाणी तिथंच तापवायचं. एकीनं माझ्या हातून टेप घेऊन बाहेर ठेवला, पायात येत होता म्हणून.

शेवटी असं ठरलं की एक जागा पुरणारच नाही. दिवसा बाळंतिणीला जास्त जागा हवी, कारण बाळाची अंघोळ, शेक-शेगडी, येणारेजाणारे. रात्री बाकीच्यांना जास्त हवी. आणि बारशाला तर भिंतच नको. मिस्त्री उठले. दोन्ही बाजूंच्या भिंतींना त्यांनी खाली एकेक, वर एकेक अशा लांब बल्ल्या आवळल्या आणि त्यांत तीन ठिकाणी भोकं पाडली.

"हे दिवसाची," ते भोकांवर हात ठेवून म्हणाले, "हे रातची. अन् हे तिसरी कायची, ते मले बी माहीत नाई. पण लागन."

भिंत चार पल्ल्यांची झाली. तीन पल्ले बंद, चौथ्याला बिजागऱ्या लावून दार. गोल बाजारातून आतली कडी आणायला मी स्वतः गेलो आणि तिथली सगळ्यात दणकट आणली. दाराची रुंदी माझ्या नकाशातली होती, अडीच फूट. तेवढं एक त्यांनी माझं मानलं. संध्याकाळी वरून चुना मारला. चार माणसं, सहा बायका आणि एक मानचित्रकार तिच्यासमोर उभे राहून भिंतीकडं असे बघत होतो, जणू ती आताच गाडीतून उतरली होती.

रविवारी सकाळी आमच्या घरचा लोखंडी पलंग हातठेल्यावरून निघाला. बायकोनं तो बाळंतिणीसाठी दिला होता आणि ती सासरी जाईपर्यंत आम्ही जमिनीवर झोपणार होतो. तो पाऱ्यात पोचला आणि नव्या भिंतीच्या दारात अडकला. आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. पलंग सहा फूट तीन इंच, खोली साडेपाच फूट खोल; दारातून सरळ घुसवला तर मागच्या भिंतीला भिडे, आणि वळवायला जागा नव्हती. ही चूक फक्त माझ्या धंद्यातला माणूस करू शकतो. कागदावर पलंग खोलीतच जन्माला येतो, त्याला दारातून यावं लागत नाही.

विहीणबाईंची गाडी पोचायला अर्धा तास होता. बाईंचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी माझ्या अडीच फुटांकडं पाहत उभा राहिलो.

मिस्त्रींनी पाना काढला. बारा बोल्ट. दोन पल्ले उचलून बाजूला ठेवले, पलंग चालत यावा तसा आत गेला, पल्ले परत बसले, बोल्ट आवळले. मला वाटतं सात-आठ मिनिटं लागली असतील. "दार माणसाले," मिस्त्री म्हणाले. "सामानाले भिंत."

विहीणबाई सून घेऊन आल्या. उंच, ताठ बाई. चप्पल काढतानासुद्धा कुणाचा आधार घेतला नाही. त्यांनी पाणी घेतलं नाही. सरळ भिंतीपाशी गेल्या, दार उघडलं, लावलं, कडी घातली, काढली. मग बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केलं. भिंत वाजली. विटांची भिंत अशी वाजत नाही.

"हे लाकडाची हाय," त्या म्हणाल्या.

मुलगी दारात पिशवी धरूनच उभी होती. ती खाली ठेवायची की नाही हे अजून ठरायचं होतं. मी सबब शोधत होतो.

"हव, लाकडाची," बाई म्हणाल्या. "विटांची असती तर ओली असती. हे कोरडी हाय. अन् हालते."

"हालते म्हणजे?"

बाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. भिंत रात्रीच्या भोकांत होती. मिस्त्रींनी बोल्ट काढले, आम्ही चौघांनी पल्ले उचलले आणि दिवसाच्या भोकांत बसवले. बाळंतिणीची खोली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दीड फूट वाढली. तळ्याचा वारा आत आला. विहीणबाई आत गेल्या, पलंगावर बसल्या, खिडकीतून बाहेर पाहिलं, परत भिंतीपाशी आल्या आणि बोल्टावर बोट फिरवलं. दुर्गला त्यांच्या दोन खोल्यांत तीन मुलगे आणि दोन सुना राहत होत्या, हे मला नंतर कळलं.

"किती बोल्ट लागते?" त्यांनी विचारलं.

"पल्ल्याले सहा," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मनात काहीतरी बसवून पाहत असाव्यात. मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "काहून उभी हायस? ठेव ना ते पिशवी." आणि बाईंना, थोड्या खालच्या आवाजात: "इचं झालं की अर्धी भिंत आमाले पाठवा. धाकट्या पोट्ट्याचं लगन हाय."

बाई पदर तोंडाला लावून मागं वळल्या. लग्नात राहिलेलं रडणं होतं, ते बराच वेळ चाललं. विहीणबाईंनी मग पाणी घेतलं.

मुलगी झाली. बारशाच्या दिवशी भिंत काढली आणि दोन पल्ले बाजांवर टाकून त्यांच्यावर पंगतीचं वाढप केलं. मिस्त्रींची तिसरी भोकंही उपयोगी पडली. उन्हाळा लागता लागता सासऱ्यांना ताप आला तेव्हा भिंत तिथं नेऊन त्यांना सावलीची खोली करून दिली. मी दर रविवारी काही ना काही निमित्तानं जात असे. एकदा आम्ही चौघांनी पल्ले उचलले आणि शेजारीण दारातून म्हणाली, "आज दीवार कहाँ जा रही है, भैया?" जणू भिंत बाजारात निघाली होती.

आमच्या नमुना घराचं उद्घाटन त्याआधीच, राज्याच्या वाढदिवसाला झालं होतं. आदल्या दिवशी साहेबांनी रुळावर दोनदा रंग मारून घेतला होता, त्यामुळं पाहुण्यांनी भिंत ढकलली तेव्हा ती सरकली नाही. टाळ्या मात्र झाल्या. पुढं अपघात नको म्हणून तिला दोन खिळे ठोकले आणि शेजारी पाटी लावली: 'लवचिक घर. कृपया हात लावू नये.' माझं संस्कृतीचं वाक्य साहेबांनी दोनदा म्हटलं आणि ते स्मरणिकेत चौकटीत छापलं गेलं.

बाळ तीन महिन्यांचं झालं आणि बाईंची लेक सासरी निघाली. टेम्पोत डिंकाचे लाडू, पाळणा, बाळाची दुपटी आणि भिंतीचे दोन पल्ले होते, दार त्यातच. उरलेले दोन पल्ले पुढच्या पावसाळ्यात बाईंनी घराशेजारी दोन शेळ्यांच्या डोक्यावर छप्पर म्हणून टाकले. गळत नाहीत.